शेतीशाळेच्या यजमानाने शिकायचे कोठे?

(शिरपूर जैन, ता. मालेगाव, जि. वाशीम येथे शेतीशाळेच्या यजमान शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आज येथे जमलेले बहुतेक जण कधी ना कधी शेतीशाळेचे यजमान होते. आपल्या वावरात वीस-पंचवीस शेतकरी उभे करून त्यांना सोयाबीन, तूर किंवा हरभऱ्याचे पीक दाखवण्याचे काम आपण केलेले आहे. तेव्हा सोयाबीनची सुधारित लागवड हा विषय मी आज घेणार नाही. तो आपण माझ्याइतकाच सांगू शकता. मला विचारायचे आहे ते एवढेच की, गावाला शिकवणारा शेतकरी स्वतः कोठे शिकतो आणि अडले तर कोणाला विचारतो?

शेतीशाळेची पद्धत इंडोनेशियातून आली. तेथे भातावरील तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला होता. जास्त फवारणीने मित्रकिडी मरत आणि तुडतुडे आणखी वाढत. १९८६ मध्ये तेथील सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली आणि १९८९ पासून जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकऱ्यांनी दर आठवड्याला बांधावर जमायचे, चार-पाच जणांच्या गटाने झाडे न्याहाळायची, किडी आणि मित्रकिडी मोजायच्या, कागदावर चित्र काढायचे आणि मग फवारणी करायची की नाही हे आपसात ठरवायचे, अशी ती रीत. त्या देशात पुढे एक महत्त्वाची गोष्ट घडली. शेतीशाळा पूर्ण केलेले शेतकरी स्वतः शिकवू लागले आणि त्यांनी आपली संघटना उभी केली. आपल्याकडे पद्धत आली, पण ही पुढची पायरी बहुतेक ठिकाणी राहूनच गेली.

आपल्याकडे काय होते ते आपण जाणताच. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीने मोठे नुकसान केले आणि २००९-१० पासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून वाशीम जिल्ह्यातील निवडक गावांत शेतीशाळा झाल्या. आत्मा योजनेतही प्रगतिशील शेतकऱ्याच्या शेतावरील शाळा आणि दोन गावांमागे एक शेतकरी मित्र अशी सोय ठेवलेली आहे. कागदावर यात उणे काढण्यासारखे फारसे नाही. परंतु हंगाम संपतो, फलक गंजतो आणि यजमान पुन्हा एकटा पडतो. शेजारच्या गावचा यजमान कोण, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

एकट्याने काम करण्यात काय गमवावे लागते याचे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या भाताच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते दाणे वेगळे ठेवले, वेगळे पेरले आणि वर्षानुवर्षे निवड करीत एचएमटी हा भात दिला. या भाताने केवढा प्रदेश व्यापला हे मी सांगायला नको. दादाजी मात्र २०१८ मध्ये गेले तेव्हा हलाखीतच होते. अशा माणसाभोवती त्याच्यासारख्याच दहा निरीक्षकांचे मंडळ असते, तर त्या वाणाची नोंद आणि त्याचे श्रेय पहिल्या दिवसापासून त्याच्या नावावर राहिले असते, असे मला वाटते.

आता दुसरी बाजू पाहा. सांगली जिल्ह्यातील तासगावकडे श्री. अ. दाभोळकर या गणिताच्या प्राध्यापकांनी प्रयोग परिवार उभा केला. द्राक्ष बागायतदार आपापल्या बागेत प्रयोग करीत, नोंदी लिहीत, पत्राने एकमेकांना कळवीत आणि एकमेकांच्या बागेत जमत. शिकवणारा आणि शिकणारा असा भेद तेथे नव्हता. ज्याची नोंद चांगली, त्याचे त्या दिवशी ऐकायचे. त्याआधीच, १९६० मध्ये, राज्याच्या द्राक्ष बागायतदारांचा संघ स्थापन झाला होता आणि त्याचे ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक निघते. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेले सोनाका हे वाण बागाबागांतून पसरले, त्यालाही अशीच जाणती बिरादरी लाभली होती.

येथे कोणी म्हणेल, साहेब, द्राक्षवाल्यांच्या गोष्टी आम्हां कोरडवाहूंना कशाला? आक्षेप रास्त आहे. बागायतदाराच्या हाती पैसा खेळतो, त्याला दौऱ्यावर जाणे परवडते. सोयाबीनवाल्याला डवरणी आणि निंदणाच्या घाईत चार दिवस बाहेर राहता येत नाही. म्हणूनच आपले मंडळ मोटारसायकलने अर्ध्या तासात गाठता येईल एवढ्याच गावांचे असावे. शिरपूर हे त्यासाठी सोयीचे मध्यवर्ती गाव आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला देशभरातून माणसे येथे येतात. आसपासच्या दहा-बारा यजमानांना महिन्यातून एकदा येणे जड जाऊ नये.

बैठक कार्यालयात नको, दर वेळी वेगळ्या यजमानाच्या वावरात घ्यावी. हार, शाल, श्रीफळ आणि प्रमुख पाहुणे यांना रजा द्यावी. (माझ्यासारखे पाहुणे भाषण लांबवतात, हा आणखी एक तोटा.) सुरुवात ज्याचे काही फसले त्याच्यापासून करावी. उगवण कमी का झाली, रुंद वरंबा सरीवरचे पीक पावसाच्या खंडात टिकले पण सऱ्या गाळाने का भरल्या, हे मोकळेपणाने बोलता आले पाहिजे. गावासमोर यजमान हे बोलत नाही, कारण लोक हसतात. बरोबरीच्या यजमानांसमोर तो बोलेल.

प्रात्यक्षिकाचा आकारही पाहा. एकरभर शेत नव्या पद्धतीखाली घालून यजमानाने घरची जोखीम वाढवू नये. दहा गुंठे पुरेत. मात्र त्याला लागूनच दहा गुंठे नेहमीच्या पद्धतीचे असलेच पाहिजेत. तुलनेचा तुकडा नसेल तर पाहुण्या शेतकऱ्याला फरक दिसत नाही, तो तुमच्या जमिनीला श्रेय देऊन घरी जातो. काढणीपूर्वी दोन्ही तुकड्यांत पाच-पाच ठिकाणी एक चौरस मीटर आखावा, तेवढीच झाडे कापून, वाळवून, मळून एकाच काट्यावर दाणे तोलावेत. चौरस मीटरला सरासरी २५० ग्रॅम म्हणजे एकरी साधारण १० क्विंटल. हा हिशेब सगळ्यांदेखत करावा. जवळच्या दहा यजमानांनी एकाच पद्धतीने तो केला, तर आपल्या परिसरासाठी मोलाचा आकडा हाती येईल. एका शेताचा आकडा योगायोगही असू शकतो.

कीड मोजण्याचेही तसेच. शेतात दहा ठिकाणी एक-एक मीटर ओळ घ्या, झाडे हलवून अळ्या खाली पाडा, मोजा, सरासरी काढा. फुलोऱ्यापूर्वी हिरव्या उंट अळीच्या मीटर ओळीत सरासरी चार लहान अळ्या भरल्या तरच फवारणीचा विचार करावा. पाहुण्या शेतकऱ्याने “ही कोणती अळी?” असे विचारले की आपण चटकन नाव सांगतो. तसे करू नये. तुम्हाला काय दिसले, ती पान कसे खाते, चालताना पाठ उंचावते का, असे त्यालाच विचारावे. ज्याने स्वतः मोजले तो पुढच्या आठवड्यात आपल्या वावरातही मोजतो. हे विचारण्याचे कौशल्य पुस्तकातून येत नाही. एकमेकांची शाळा पाहूनच ते येते, यासाठी एका यजमानाने दुसऱ्याच्या शाळेत मागे बसून पाहावे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. शिकवणाऱ्याचा शब्द लोक मानतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणते औषध कशात मिसळावे याबद्दल ऐकीव सल्ला यजमानाने कधीही देऊ नये. माहीत नसेल तर “विचारून सांगतो” म्हणावे आणि विचारावे. करड्याचे कृषी विज्ञान केंद्र येथून दूर नाही. मंडळाकडे प्रश्नांची वही असली तर शास्त्रज्ञालाही नेमके बोलता येते. नुसते “मार्गदर्शन करा” म्हटले की तो नेहमीचेच व्याख्यान देतो. मोबाइलवर पानाचा फोटो पाठवायचा तर वाण, पेरणीची तारीख आणि आधीच्या फवारण्या त्याखाली लिहाव्यात. एका पिवळ्या पानावरून पिवळा मोझॅक, लोहाची कमतरता आणि पाणी साचणे यांतला फरक सांगणे आम्हालाही अवघड जाते.

आपल्या मंडळात महिला यजमान किती असतील, याचा विचार आजच व्हावा. निंदण करणाऱ्या बायांना चक्री भुंग्याने कातरलेले, माना टाकलेले शेंडे सर्वांत आधी दिसतात, आणि आपण शाळा भरवतो नेमकी त्या दुसऱ्याच्या वावरात मजुरीवर असतात त्या वेळी. त्यांची वेळ त्यांनाच विचारून ठरवावी. अकोल्याला विद्यापीठाची शिवार फेरी असते, तिला मंडळाने एकत्र यावे आणि बायांची गाडी आधी भरावी.

मंडळाला नाव, शिक्का, अध्यक्ष यांची घाई नको. पहिली बैठक पेरणीआधी, मे महिन्यात घ्यावी. येताना प्रत्येकाने घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासून यावे. न निवडता शंभर-शंभर दाण्यांचे तीन संच मोजा, ओल्या गोणपाटावर रांगेने मांडा, दुसऱ्या ओल्या गोणपाटाने झाका, सावलीत ठेवून ओल टिकवा आणि सात-आठ दिवसांनी चांगले कोंब मोजून तिन्हींची सरासरी काढा. ७० किंवा अधिक आले तर एकरी ३० किलो बियाणे पुरेल, कमी आले तर किती वाढवायचे आणि कोणते बियाणे सोडून द्यायचे हे त्याच बैठकीत ठरवू. आकडा कागदावर लिहून आणा.