रक्तासोबत येणारं लोह

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लेकरू पांढरंफटक दिसलं की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो, 'त्याला लोह द्या.' गूळ-शेंगदाणे, पालक, लोखंडी कढईतली भाजी. बहुतेक लेकरांच्या बाबतीत तो बरोबरच असतो. माझ्या मुलीच्या बाबतीत तो चुकला.

मी मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेचा. मुलीचा जन्म २००१ चा. आठ महिन्यांची असताना ती फिकट पडली, दूध पितानाही दमू लागली. तीन महिने लोहाचं औषध पाजलं, काही फरक नाही. शेवटी अकोल्याला हिमोग्लोबिनची खास तपासणी झाली आणि 'थॅलेसेमिया मेजर' हे नाव कळलं. हा आजार आनुवंशिक आहे. आम्ही दोघं नवरा-बायको ठणठणीत, पण दोघंही वाहक निघालो. असे दोन वाहक एकत्र आले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त. गावातून एसटीनं मलकापूर, तिथून रेल्वेनं अकोला. रक्त चढलं की पोरगी खेळायला लागायची आणि आम्हाला वाटायचं, काम झालं. खरं तर निम्मंच झालेलं असायचं.

रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. जेवणातून शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषतं. म्हणजे एका पिशवीबरोबर कित्येक महिन्यांचं लोह एकदम आत येतं आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात साचतं, ग्रंथींत साचतं, शेवटी हृदयात. मुलांची वाढ खुंटते, मधुमेह होतो, हृदय थकतं.

युरोपात हिमोक्रोमॅटोसिस नावाचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यात अन्नातलंच लोह जास्त शोषलं जातं. त्यावर उपाय सोपा : ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकायचं. आमच्या लेकरांना आधीच रक्त कमी, ते काढणार कुठून? म्हणून लोह औषधानंच बाहेर काढावं लागतं. दहा-वीस पिशव्या झाल्या किंवा फेरिटिन १००० च्या वर गेलं, की डॉक्टर हे उपचार सुरू करतात.

आधी पोटाच्या कातडीखाली सुई आणि छोटा पंप असायचा. रात्री आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. लेकरू सुई घेऊन झोपायचं आणि आई जागी राहायची. नंतर डेफेरिप्रोनच्या गोळ्या आल्या. लघवी लालसर झाली तेव्हा आम्ही घाबरलो. डॉक्टर म्हणाले, ते लोहच बाहेर पडतंय. पण या गोळीनं क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात. म्हणून वेळोवेळी रक्त तपासायचं आणि ताप आला की गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. दिवसातून एकदा घ्यायचं डेफेरासिरॉक्सही आता मिळतं. त्यात मूत्रपिंड आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं.

खरी परीक्षा पुढेच होती. २०१६ साली, पंधराव्या वर्षी, तिचं फेरिटिन चार हजारांवर गेलं. आम्ही औषधाला दोष देत होतो. एक दिवस तिच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात गोळ्यांचा ढीग सापडला. मी रागावलो. ती म्हणाली, "बाबा, मला काहीच होत नाही, मग रोज आजारी असल्यासारखं का वागायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लोह साचताना दुखत नाही, हीच त्यातली खोड आहे.

मुंबईला हृदयाचा खास एमआरआय केला. त्यात २० च्या खालचा आकडा म्हणजे हृदयात लोह. तिचा १४ आला. डॉक्टरांनी तो आकडा आम्हाला नाही, तिला समजावून सांगितला. त्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळ्यांची खूण तीच करू लागली. दोन औषधं एकत्र सुरू झाली. दोन वर्षांनी आकडा २२ झाला. आज ती नोकरी करते आणि गोळ्यांचा डबा पर्समध्ये असतो.

जाता जाता तीन गोष्टी सांगतो. लेकरू फिकट असेल आणि लोहाच्या औषधानं फरक पडत नसेल, तर आधी तपासणी करा. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे, त्यांनी रक्ताइतकंच गोळीकडे लक्ष द्या. आणि मूल कळतं झालं की त्याचे आकडे त्याच्याशीच बोला. तिसरी, लग्नाआधी पत्रिकेबरोबर एचबी-ए-टू ही तपासणीही बघा. वाहक असणं हा आजार नाही, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आम्हाला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगितलं.