पेट्रोलची वाट
(दहावी १९९६ च्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमधली, एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे आपल्या बॅचमध्ये निदान पंधरा जण आहेत, आणि त्यातले चारपाच एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. मी घरी एक मोटार बांधली, तिच्यावर बोलते. तेही सगळ्या मोटारीवर नाही. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणाऱ्या नळीवर.

मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहते. घरच्या गॅरेजमध्ये गाडी जुळवायचा नाद तिकडे जुना आहे. लोटस कंपनीची 'सेव्हन' १९५७ साली आली. सुट्या भागांत घेतली तर त्या काळचा खरेदी कर वाचायचा, म्हणून लोक स्वतःच पाने-पक्कड घेऊन बसायचे. तो कर गेला, नाद राहिला. माझी गाडी त्याच घाटाची: दोन सीटा, छप्पर नाही, दारं नाहीत, इंजिन जुन्या माझ्दा एमएक्स-५ मधलं. दिवसा कोड आणि रात्री गाडी, अशी तीन वर्षं गेली. टॉर्च धरायला माझी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी चेतक होती. तिची टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, पेट्रोल नुसतं उतारानं यायचं. नळी गळली तर थेंब थेंब, वास यायचा, कुणीतरी कॉक बंद करायचं. माझ्या गाडीत टाकी मागे, इंजिन पुढे, आणि पंप सुमारे ३ बार दाबानं पेट्रोल ढकलतो. गाडीच्या टायरमध्ये असतो त्याहून जास्त दाब. इथे बारीक भोक पडलं तर थेंब येत नाही, फवारा उडतो. समोर तापलेला एक्झॉस्ट असतोच.

नळी न्यायला तीन वाटा होत्या. गाडीच्या पोटाखालून नेली तर दगड लागतात, आणि ही गाडी इतकी बुटकी की गतिरोधकही लागतो. कडेनं नेली तर बाजूची धडक पहिली तिलाच. उरला दोन सीटांमधला बोगदा. चारी बाजूंनी झाकलेला, पण त्यात प्रॉपेलर शाफ्ट गरगरत असतो आणि त्याचा सांधा तुटला तर तो आत चाबकासारखा फिरतो. शिवाय बॅटरीची जाड केबलही त्याच बोगद्यातून जायला बघते. मी बोगदाच घेतला. तांबं-निकेलची ८ मिलिमीटरची नळी, शाफ्टपासून लांब, वरच्या कोपऱ्यात. दर फुटाला रबर लावलेली क्लिप. केबल समोरच्या भिंतीवर. म्हणजे पेट्रोल जाणार माझ्या आणि मुलीच्या मांडीच्या मधून. हे वाक्य मी तेव्हा मनात म्हटलं नव्हतं. नंतर म्हटलं, ते सांगते.

इंजिन रबरी पायांवर बसतं आणि हलतं. म्हणून शेवटचा हातभर भाग लवचीक होजचा लागतो. होज घेताना मी फार चोखंदळ होते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या प्रकारचं रबर त्यात कडक होतं, चिरा पडतात. इंजेक्शनसाठीची होज घेतली, अंगावर 'एसएई जे३० आर९' छापलेली. (तुमच्याकडे आता २० टक्के आलंय. अंगणात कुणाची जुनी स्कूटर उभी असेल तर तिची नळी एकदा वाकवून बघा.) नळीच्या टोकाला फुगवटा काढला म्हणजे होज निसटत नाही, आणि क्लॅम्प गुळगुळीत काठाचे घेतले, कारण खाचांचे साधे क्लॅम्प रबर कापतात. हे सगळं मी केलं आणि स्वतःवर खूष झाले.

रस्त्यावर आणण्याआधी अशा गाडीला 'आयव्हीए' नावाची सरकारी तपासणी पास करावी लागते. तिला नऊ दिवस होते. एका संध्याकाळी मुलगी टॉर्च धरून म्हणाली, "आई, ही काळी पूड कसली?"

होजशेजारी एक लोखंडी ब्रॅकेट होता. इंजिन बंद असताना दोघांत बोटभर जागा. पण अंगणात इंजिन चालवून, ॲक्सिलरेटर दाबून मी जे तास मोजले होते, त्यात ते दर वेळी झुकत होतं आणि होज ब्रॅकेटच्या काठावर घासत होती. वरचं रबर गेलं होतं, आतले धागे दिसत होते.

आणि मी काय केलं? त्यावर एक प्लास्टिकची चिरलेली नळी चढवली, वर दोन केबल टाय. दहा मिनिटांचं काम. तपासणीची तारीख गेली असती ना! ऑफिसात आम्ही हेच करतो, रिलीजच्या आदल्या रात्री पॅच लावतो आणि पुढच्या आठवड्यात नीट करू म्हणतो.

दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी शेजारच्या सीटवर बसून पुस्तक वाचत होती, गॅरेजमध्ये, उभ्या गाडीत. तेव्हा ते मांडीचं वाक्य डोक्यात आलं. मी बॅटरी सोडवली, गॅरेजचं दार सताड उघडलं, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, आणि होज कापून काढली. ब्रॅकेटही. तपासणीची तारीख रद्द केली. नवी वाट इंजिनाच्या थंड बाजूनं काढायला दोन शनिवार-रविवार लागले. मग इंजिन सुरू न करता नुसता पंप चालवला आणि प्रत्येक जोडाभोवती पांढरा टिश्यू गुंडाळला. पंपाच्या तारेत एक इनर्शिया स्विच आधीच होता. धडक बसली की पंप बंद. त्याला हातानं ठोसा मारून पाहिला, चालला.

आता टेक्निकलच्या सरांशी बोलते. सर, तुम्ही समोर बसलाय म्हणून जरा भीतीच वाटते. आठवीत आम्ही टेक्निकल घेतलेल्या तीनच मुली. कापलेली पट्टी दाखवायला आणली की तुम्ही मोजमाप नंतर बघायचात. आधी म्हणायचात, "काठावरून बोट फिरव." बोटाला टोचलं की परत कानस. मी इतकी चिडायचे! त्या ब्रॅकेटचा काठ मी एकदाही बोटानं पाहिला नव्हता. तो पाकिटातून आला होता, काळा चकचकीत रंग दिलेला, मला वाटलं झालंच असेल.

तपासणी पुढे पास झाली. पहिल्या फेरीला मुलगी शेजारी होती, पंचवीसेक किलोमीटर, पाऊस अर्थातच आला. घरी येऊन मी ओल्या कपड्यांनी गाडीखाली आडवी झाले. टिश्यू पांढरेच होते.

गाडी इथे आणता आली नाही. तो घासलेला होजचा तुकडा धुऊन, वाळवून आणलाय. पहिल्या रांगेपासून मागे फिरवते. सर, आधी तुम्ही बघा.