देवावरचा भरवसा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



२०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचा महापूर आपण पाहिला. उद्याचे काही सांगता येत नाही, हे तेव्हा पटले. मग देवावर भरवसा ठेवायचा तो कसा?

पंडिता रमाबाईंचे चरित्र आठवावे. आईवडील दुष्काळात गेले. पुढे भाऊ गेला, पती गेले. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, तरी संकटे संपली नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी मुलीबायकांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना अन्न, शिक्षण आणि हाताला उद्योग दिला. १९२१ साली एकुलती लेक मनोरमा गेली. त्या दुःखातही बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी तडीस नेले आणि १९२२ साली देह ठेवला.

प्रार्थना करूनही त्यांचे दुःख टळले नाही. पण हातचे काम सुटले नाही, आणि त्या कामातच श्रद्धा वाढत गेली. आपणही देवाजवळ उद्याची हमी मागू नये. उद्या शेजारणीच्या उपयोगी पडू, एवढे बळ मागावे.