अटकेचा कागद कोणत्या भाषेत?



एखाद्याच्या हातांत बेडी पडली की शेजारीपाजारी त्याला चोर ठरवून मोकळे होतात. आरोप आणि अपराध यांच्यामध्ये न्यायासन उभे असते, याचा आपल्याला विसर पडतो. भारतीय घटनेला तो पडलेला नाही. तिचे २२ वे कलम बजावते, की अटक केलेल्यास अटकेची कारणे लवकरात लवकर सांगावीत, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे.

पण कारणे सांगावयाची ती कोणत्या भाषेत? हरिकिसन नावाच्या गृहस्थांना नागपुरास प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केले, तेव्हा हाती दिलेला कागद इंग्रजीत होता आणि त्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी हिंदी प्रत मागितली. सरकार म्हणाले, इंग्रजी ही राज्यकारभाराची भाषा आहे. शिवाय अधिकाऱ्याने मजकूर तोंडी समजावला आहे. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. ज्याला कैद करता त्याला समजेल अशा भाषेत व लिपीत कारणे द्या, असे बजावून त्यांची सुटका केली.

तो निर्णय विनाचौकशी स्थानबद्धतेपुरता होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने तेच तत्त्व सर्व गुन्ह्यांतील अटकेस लावले. कारणे लेखी हवीत, आरोपीला कळणाऱ्या भाषेत हवीत. तत्काळ देणे अशक्य असल्यास तोंडी सांगून, कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यापुढे नेण्यापूर्वी निदान दोन तास आधी लेखी द्यावीत. नाही तर अटक बेकायदेशीर!

सीमाभागात राहणाऱ्या आम्हांस याचे मोल कोणी शिकवावयास नको. घरात मराठी आणि कचेरीत परकी लिपी, हा आमचा नित्याचा अनुभव. जो आरोप वाचताच येत नाही, त्याला उत्तर तरी कसे द्यावे?

म्हणून सांगतो, न कळणाऱ्या कागदावर मुकाट्याने सही करू नका. मराठी प्रत मागा, मागणी दंडाधिकाऱ्याच्या कानी घाला. पैसा नसेल तरी खचू नका. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतील माणसास उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.

हे हक्क चोरांचे लाड नव्हेत. निरपराध माणूस पकडला जातो तोही त्याच बेडीत, आणि त्याला सोडविणारी किल्लीही हीच आहे.