अडलेल्या कुत्रीची सुटका

कुत्री गाभण राहिली म्हणजे पुढचे सारे निसर्ग पाहून घेईल, असा सर्वसाधारण समज आहे. गल्लीतली मोकाट कुत्री ओट्याखालच्या आडोशाला कोणाच्याही मदतीवाचून विते, हेही खरे. परंतु माणसाने निवड करून घडविलेल्या जातींची गोष्ट वेगळी आहे. बुलडॉग किंवा पग यांच्या पिल्लांचे डोके मोठे आणि मातेची कटी अरुंद असते. अशा कुत्रीला निसर्गाच्या हवाली करणे म्हणजे माणसानेच निर्माण केलेल्या संकटात तिला एकटी सोडणे होय. तिची सुटका केव्हा आपोआप होऊ द्यावी आणि केव्हा पशुवैद्याचे दार ठोठवावे, एवढाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

अडचण दिसते विण्याच्या वेळी. पण तिची तयारी दिवसांच्या मोजणीपासून सुरू होते. कुत्री साधारणतः सहा-सात महिन्यांनी माजावर येते. रक्तस्राव सुरू झाल्यापासून दहाव्या-बाराव्या दिवशी तिला नराकडे न्यावयाचे, असा प्रघात आहे. मात्र प्रत्येक कुत्रीचे बीज त्याच सुमारास सुटते असे नाही; शिवाय सुटलेले बीज परिपक्व होण्यास आणखी दोनएक दिवस लागतात. त्यामुळे वांझ म्हणून हिणविलेल्या कुत्रीच्या बाबतीत पुष्कळदा केवळ दिवस चुकलेला असतो. रक्तातील प्रोजेस्टेरॉन मोजून तो दिवस ठरविता येतो. बीज सुटल्यापासून सुमारे ६३ दिवसांनी प्रसूती होते. मिलनाच्या तारखेपासून मोजल्यास हा काळ ५८ ते ७२ दिवसांपर्यंत बदलतो.

रायपुरात मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सियसच्या पुढे जातो. अशा उन्हाळ्यात प्रत्येक कुत्री धापा टाकते. त्यावरून कळा ओळखू पाहणारा फसतो. तेथे थर्मामीटर अधिक विश्वासार्ह होय. शेवटच्या आठवड्यात रोज दोन वेळा गुदद्वारातील तापमान घ्यावे. एरवी ते १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. प्रोजेस्टेरॉन ओसरताच ते ९९ च्या खाली उतरते आणि बहुधा चोवीस तासांच्या आत कळा सुरू होतात.

त्यानंतर घड्याळाकडे लक्ष असावे. जोरदार कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर आले नाही, पोटात पिल्ले शिल्लक असून दोन तास काहीच घडले नाही, अथवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट स्राव दिसला, तर सकाळची वाट पाहू नये. हिरवा स्राव म्हणजे वार सुटू लागल्याची खूण. त्या पिल्लाचा प्राणवायू तुटत चाललेला असतो. उलट, मागचे पाय आधी आले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पुष्कळ पिल्ले तशीच जन्मतात.

या घटकेला सर्वांत घातक ठरते ते घाईने टोचलेले ऑक्सिटोसिन. गर्भाशय शिथिल पडले असेल तर ते उपयोगी पडते. वाटच अडली असेल तर त्याने गर्भाशय फाटू शकते. हा भेद तपासणीवाचून कळत नाही. म्हणून ५५ व्या दिवसानंतर क्ष-किरण चित्र काढून पिल्ले मोजून घ्यावीत आणि रात्री शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य आधीच ठरवून ठेवावा. दुर्गच्या पुढे, राजनांदगावच्या वाटेवर अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. परंतु रायपूरहून तेथवरचा मार्ग मध्यरात्री विचारीत बसण्याची वेळ येऊ नये.

सुटका झाली तरी पहारा संपत नाही. दूध पाजणारी कुत्री दोन-तीन आठवड्यांनी थरथरू लागली, तिचे पाय ताठरले, तर तो उन्हाचा तडाखा समजून नुसते पाणी शिंपडीत बसू नये. रक्तातील कॅल्शियम घटल्याचे ते लक्षण असते व त्यावर तातडीने उपचार लागतो. गाभणपणात भरमसाट कॅल्शियम चारल्याने हा धोका टळत नाही, उलट वाढतो. कारण हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याची शरीराची सवय मोडते.

एवढा पहारा ज्या घराला झेपणार नाही, त्याने कुत्रीचे गर्भाशय व बीजकोश काढून घ्यावेत. त्यात क्रौर्य नाही. माजानंतर गर्भाशयात पू साचण्याच्या जीवघेण्या रोगापासूनही त्यामुळे तिचे रक्षण होते.