एकशिंगी गेंड्यास अभयदान



अकरावे तीर्थंकर भगवान श्रेयांसनाथ यांच्या प्रतिमेखाली गेंड्याचे लांछन असते. दर्शनास आलेला श्रावक त्यापुढे नतमस्तक होतो. परंतु हाच जीव आसामात बंदुकीच्या पहाऱ्यात जगतो आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

ब्रह्मपुत्रेकाठचे काझीरंगा हे एकशिंगी गेंड्याचे जगातील सर्वांत मोठे वसतिस्थान होय. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शिकारीमुळे तेथे मोजकेच गेंडे उरले होते. १९०८ मध्ये ते राखीव वन झाले, १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०२२ च्या गणनेत तेथे २,६१३ गेंडे आढळले. गेंड्याची मादी सुमारे १६ महिने गर्भ वाहते आणि एका वेळी एकाच पिलाला जन्म देते. म्हणूनच एक मादी मारली गेली की पुढील कित्येक जन्म खुंटतात.

आणि ही हत्या कशासाठी? ज्या द्रव्याची मनुष्याची नखे व केस बनतात, त्याच केराटिनचे गेंड्याचे शिंग असते. तरीही ते औषधी व प्रतिष्ठेचे मानून व्हिएतनाम आणि चीनमधील चोरट्या बाजारात त्यास प्रचंड भाव दिला जातो. त्या भावापोटी आसामात २०१३ व २०१४ या दोन्ही वर्षी पंचवीसहून अधिक गेंडे मारले गेले. पावसाळ्यात पूर आला की गेंडे महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे जातात. तेव्हा शिकाऱ्यांचे फावते. अशा वेळी चौक्यांवर रात्रंदिवस जागणारे वनरक्षक हेच त्यांचे खरे रक्षणकर्ते ठरतात. त्यांच्या परिश्रमास यश आले आणि २०२२ या वर्षी आसामात एकाही गेंड्याची चोरटी शिकार झाली नाही. १९७७ नंतर असे प्रथमच घडले.

२२ सप्टेंबर २०२१ रोजी आसाम सरकारने बोकाखात येथे २,४७९ शिंगे अग्नीत भस्म केली. ती जप्त केलेली किंवा मृत गेंड्यांची होती. बाजारभावाने त्यांचे मोल कोट्यवधी झाले असते. व्यापारी मनास हा तोटा वाटेल. परंतु ज्या वस्तूस प्राण घेतल्यावाचून मोल येत नाही, ती वस्तू मालच नव्हे, हे त्या ज्वाळांनी जगास सांगितले.

व्यापाराचा साधा नियम आहे : गिऱ्हाईक नसेल तर मालास भाव नाही. बंदूक शिकारी चालवतो, पण तिची किंमत ग्राहक मोजतो. जैनशासनाने कृत, कारित आणि अनुमोदित असे हिंसेचे तीन प्रकार सांगितले, त्यांचा अर्थ येथे स्पष्ट होतो. हस्तिदंत, कस्तुरी, वाघनख अथवा शिंग, अशी कोणतीही वस्तू दुकानात, देवघरात वा लग्नाच्या आहेरात न स्वीकारणे, एवढा नियम प्रत्येक कुटुंबाने घेतला, तरी ते खरे अभयदान ठरेल.

लांछनास वंदन करणाऱ्या समाजाने त्या जीवाचेही रक्षण करावे, हीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!