छोट्या खोलीतली आगगाडी

खानदेशाला रेल्वेचे अप्रूप असायचे कारण नाही. भुसावळ तर रेल्वेवरच वाढलेले गाव. जळगावला सुरतेचा फाटा फुटतो, चाळीसगावहून धुळ्याला १९०० सालीच गाडी आली. तरीही रुळांशेजारी वाढलेल्या कितीतरी जणांना एक हौस मोठेपणी गाठते : घरात, टेबलावर, मापाबरहुकूम बनवलेली छोटी रेल्वे चालवायची. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी या हौसेतून मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय उभे केले. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. ते पाहून आलेला माणूस घरी येतो, खोलीत टेप लावून जागा मोजतो आणि खट्टू होतो. गाडी कशीही मावेल हो, तिचे वळण कुठे मावणार?

आज बोलायचे आहे ते या वळणाबद्दल.

आधी मापे पाहू. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण एकास ८७. त्याला ‘एचओ’ म्हणतात. त्यात दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, साडेसोळा मिलिमीटर असते. आता आपल्या ब्रॉडगेजचा नियम बघा. मार्गावरचे वळण दहा अंशांहून तीव्र नको, म्हणजेच त्रिज्या १७५ मीटरपेक्षा कमी नको. या १७५ मीटरांना ८७ ने भागले की दोन मीटर येतात. म्हणजे रेल्वेला चालणारे सगळ्यात अवघड वळणसुद्धा प्रमाणात करायचे, तर चार मीटर व्यासाचे वर्तुळ हवे. तेवढे वर्तुळ मांडले, तर खोलीत माणसाला उभे राहायला जागा उरणार नाही.

म्हणून खेळण्यांचे कारखाने वळण बिनदिक्कत आवळतात. एचओमध्ये ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे रूळ सर्रास मिळतात. त्यावर गाडी चालतेही. पण दिसते कशी?

आपला ओळखीचा आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, डबा घ्या. लांबी एकवीस मीटरहून थोडी जास्त, आणि त्याच्या दोन बोगींच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या, मध्यांमधले अंतर पावणेपंधरा मीटर. एचओमध्ये हे अंतर १७ सेंटिमीटर होते. आता एक सोपा हिशेब सांगतो, कागद-पेन्सिल असेल तर टिपून घ्या. बोगींमधल्या अंतराचा वर्ग करा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागा. डब्याचे पोट वळणाच्या आतल्या बाजूला किती सरकणार, ते कळते. आपल्या उदाहरणात उत्तर येते १० मिलिमीटर. डब्याची टोके बाहेरच्या बाजूला जवळजवळ तेवढीच फेकली जातात. डबा असतो जेमतेम ३७ मिलिमीटर रुंद. वळणावर फलाट किंवा सिग्नलचा खांब रुळाजवळ असला, तर तो डब्याला घासणारच. शेजारून दुसरा रूळ नेला, तर दोन गाड्या एकमेकींना धडकतात.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. किती लांब? एक पूर्ण फेरी घेतली तर एचओमध्ये सुमारे १०४ मिलिमीटर. गंमत अशी, की वर्तुळ लहान असो वा मोठे, हा फरक बदलत नाही. तो फक्त गेजवर ठरतो. पण मोठ्या वर्तुळात तो लांबवर वाटला जातो आणि छोट्यात थोडक्या अंतरात भरून काढावा लागतो. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असल्यामुळे एक चाक घसरत, घासत जाते. म्हणून सरळ रुळावर आठ डबे ओढणारे इंजिन आवळलेल्या वळणावर पाच डब्यांनीच हाशहुश करते.

यावर उपाय आहेत. सरळ रुळावरून एकदम वळणात शिरू नका. वळण हळूहळू आवळत न्या. खऱ्या रेल्वेतही तसेच करतात. डावे वळण संपताच उजवे सुरू करू नका. मध्ये निदान सगळ्यात लांब डब्याएवढा सरळ तुकडा ठेवा. डबे हलके असतील, तर लांब गाडीच्या ओढीने मधला डबा आतल्या बाजूला कलंडतो. म्हणून डब्यांत खाली वजन भरा. अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या संघटनेच्या ठोकताळ्याने आयसीएफ डब्याएवढ्या एचओ डब्याचे वजन सुमारे १६५ ग्रॅम असावे.

आणि आपल्याकडची एक खास बाब. जळगावात हिवाळ्यातली पहाट दहा अंशांची, उन्हाळ्यातली दुपार पंचेचाळीसची. पाच मीटर लांबीचा रूळ एवढ्या फरकाने जवळपास तीन मिलिमीटर वाढतो. जानेवारीत रूळ एकमेकांना भिडवून, खिळे ठोकून पक्के केले, तर मे महिन्यात वळणावरच ते बाहेर फुगतात. सांध्यांत फट ठेवायला विसरू नका.

हे सगळे केले तरी २४ सेंटिमीटरचा डबा ३६ सेंटिमीटरच्या वळणावर अवघडलेलाच दिसतो. म्हणून मी म्हणतो, वळण बदलता येत नसेल तर गाडी बदला. छोट्या जागेत राजधानी एक्स्प्रेसचा हट्ट कशाला? वळणाची सवय असलेली गाडी आपल्याच जळगाव जिल्ह्यात होती.

पाचोरा-जामनेर. आपली ‘पीजे’. गेज ७६२ मिलिमीटर, लांबी ५६ किलोमीटर. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेली ही गाडी वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जायची. अशा नॅरोगेजला रेल्वेचा नियम चाळीस अंशांचे, म्हणजे ४४ मीटर त्रिज्येचे वळणही चालवून घेतो. भागा ८७ ने. उत्तर ५० सेंटिमीटर! ब्रॉडगेजला लागणाऱ्या जागेचा हा चौथा हिस्सा.

गेजही जुळते. आपले ब्रॉडगेज एकास ८७ प्रमाणात १९ मिलिमीटरांहून जास्त भरते, पण बाजारातला रूळ साडेसोळाचा. म्हणजे भारतीय गाडीचे मॉडेल नेहमीच अरुंद रुळावर उभे. पीजेचे ७६२ मिलिमीटर मात्र पावणेनऊ होतात, आणि नऊ मिलिमीटरचा रूळ जगभर मिळतो. त्याच रुळासाठी बनलेले जपानी किंवा युरोपीय छोटे इंजिन-सांगाडे घ्यायचे आणि वरचा डबा पुठ्ठ्याचा, प्लॅस्टिकच्या पत्र्याचा स्वतः करायचा. बोगींमध्ये साडेसहा सेंटिमीटर अंतर असलेला डबा २३ सेंटिमीटरच्या वळणावर नेला, तर तो आत सरकतो फक्त सव्वादोन मिलिमीटर. मघाचे १० मिलिमीटर आठवा. साठ सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर पूर्ण फेरी बसते.

याहून आवळायचे असेल तर माथेरानची गाडी आहे. १९०७ साली सुरू झालेल्या त्या मार्गावर सुमारे १८ मीटर त्रिज्येची वळणे आहेत. प्रमाणात २१ सेंटिमीटर. तिथल्या जुन्या वाफेच्या इंजिनांना ‘क्लीन-लिंडनर’ पद्धतीचे पोकळ आस होते, म्हणून पुढची-मागची चाके वळणाप्रमाणे थोडी सरकत. आपल्याला टेबलावर पडलेला प्रश्न त्या इंजिनिअरांना डोंगरावर पडला होता, आणि त्यांनीही वळणाला मान देऊन गाडी घडवली.

पीजे मात्र मार्च २०२० मध्ये थांबली. आता त्या मार्गाचे ब्रॉडगेज होऊन तो बोदवडपर्यंत जाणार आहे. सोय होईल, चांगलेच आहे. पण ब्रॉडगेज येईल ते आपले मोठे, ऐसपैस वळण घेऊन येईल. जुनी वळणे, छोटी स्थानके, बुटके फलाट राहणार नाहीत. म्हणून ज्यांना ही हौस आहे त्यांना माझे सांगणे आहे : रूळ विकत घेण्याआधी टेप आणि कॅमेरा घेऊन पाचोऱ्याला जा. उरलेल्या इमारतींची दारे-खिडक्या मोजा. त्या गाडीवर काम केलेले लोक अजून आपल्यात आहेत. डबा किती लांब, बाके कशी, गाडी कुठे हळू व्हायची, हे त्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. मॉडेल पुढच्या वर्षी केले तरी चालेल. मापे मात्र याच वर्षी घ्यायला हवीत.